क्यूटीमध्ये स्वतःचा लाइव्ह ग्राफ विजेट: चार चॅनेल, सेकंदाला हजार सँपल

प्रश्न थोडक्यात असा: क्यूटी ६ (खिडक्या, बटणं असा इंटरफेस बनवण्याची लायब्ररी) आणि सी++ मध्ये लिहिलेलं डेस्कटॉप ॲप्लिकेशन आहे. यूएसबी सिरियलवरून एका मापन बोर्डाचे चार चॅनेल येतात, प्रत्येकी सेकंदाला १००० सँपल (एकेका क्षणाची मोजलेली किंमत). तयार चार्ट लायब्ररीत सुरुवातीला सगळं सुरळीत चालतं, पण पाच-दहा मिनिटांत ग्राफ अडखळू लागतो आणि बटणंही उशिरा प्रतिसाद देतात. म्हणून क्यूविजेटपासून, म्हणजे क्यूटीच्या पडद्यावरच्या मूळ घटकापासून, स्वतःचा ग्राफ लिहायचा आहे. सुरुवात कुठून करावी, आणि ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घेणारं ओपनजीएल घ्यावं लागेल का?

ओपनजीएल लागणार नाही. क्यूटीचा रेघा-आकृत्या काढणारा साधा क्यूपेंटर पुरेसा आहे, फक्त त्याला फुकटचं काम देणं थांबवायला हवं. दहा मिनिटांत एका चॅनेलची ६ लाख सँपल जमतात, चारांची मिळून २४ लाख. ग्राफची रुंदी समजा १२०० पिक्सेल. म्हणजे पिक्सेलच्या एका उभ्या रांगेत एका चॅनेलची ५०० सँपल कोंबली जातात, आणि त्या रांगेत दिसू शकते ती फक्त सर्वांत खालच्या किमतीपासून सर्वांत वरच्या किमतीपर्यंतची एक उभी रेघ. बाकीची ४९८ सँपल प्रत्येक फ्रेमला मोजली, बदलली, पेंटरकडे पाठवली, तरी चित्र तेच. दहा मिनिटांनी विजेट मंदावतो तो याच कारणाने: रंगवण्याचं काम डेटाच्या लांबीबरोबर वाढत राहतं. ते विजेटच्या रुंदीवर अवलंबून राहिलं पाहिजे, डेटाच्या लांबीवर नाही. पुढची सगळी रचना त्यासाठीच आहे.

एक गोष्ट आधी तपासा. क्यूडब्ल्यूटी, क्यूकस्टमप्लॉट, आणि पायथनमध्ये असाल तर पायक्यूटीग्राफ, या तयार ग्राफ लायब्रऱ्यांतल्या प्रत्येकात डेटा विरळ करण्याची काही ना काही सोय आहे, आणि पुष्कळदा ती नीट चालू केली की काम भागतं. क्यूकस्टमप्लॉट आणि क्यूटी चार्ट्स हे जीपीएल (स्रोत खुला ठेवायला लावणारा परवाना) किंवा व्यावसायिक परवान्याखाली मिळतात, तेव्हा बंद स्रोताचं उत्पादन विकणार असाल तर तो हिशेबही आत्ताच करा. हे बघूनही स्वतः लिहायचं ठरलं तर पुढे वाचा.

डेटा आत कसा घ्यायचा

सिरियल पोर्ट वाचायला वेगळा थ्रेड, म्हणजे प्रोग्रामच्या आत समांतर चालणारा धागा, ठेवा. त्या थ्रेडने विजेटला हात लावायचा नाही. क्यूटीत विजेटची कामं फक्त मुख्य थ्रेडवर चालतात. इथे हमखास होणारी चूक म्हणजे प्रत्येक सँपलला एक सिग्नल (क्यूटीतला एका भागाकडून दुसऱ्याला जाणारा निरोप) सोडणं. सेकंदाला ४००० सिग्नल मुख्य थ्रेडच्या रांगेत पडतात आणि माउसचे, बटणांचे इव्हेंट त्यांच्या मागे ताटकळतात. प्रश्नातल्या ‘बटणं उशिरा प्रतिसाद देतात’ या तक्रारीत रंगवण्याबरोबर याचाही हात असू शकतो.

त्याऐवजी वाचणाऱ्या थ्रेडने एका व्हेक्टरमध्ये सँपल जमा करत जावं. मुख्य थ्रेडवर ३३ मिलिसेकंदांचा टाइमर लावा. तो वाजला की म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) घ्या, तो व्हेक्टर रिकाम्या व्हेक्टरशी अदलाबदल करा, म्युटेक्स सोडा आणि आलेला माल निवांत मुख्य साठ्यात टाका. प्रत्येक फेरीत चॅनेलमागे साधारण ३३ सँपल येतात. कुलूप फक्त अदलाबदलीपुरतं लागतं. लॉक-फ्री, म्हणजे कुलपाशिवाय चालणारी, रांग लिहिण्याचा मोह होतो, पण या वेगाला तिची गरज नाही, आणि तिच्यातला बग शोधायला जो वेळ जातो तो परवडत नाही.

सँपलची वेळ कशी ठरवायची, हा दुसरा मुद्दा. डेटा पोचला त्या क्षणाचं घड्याळ लावू नका. यूएसबी सिरियलचा डेटा गठ्ठ्यागठ्ठ्याने येतो. एफटीडीआय कंपनीच्या यूएसबी-सिरियल चिपमध्ये डेटा किती वेळ रोखून धरायचा ते ठरवणारा लेटन्सी टाइमर मुळात १६ मिलिसेकंदांवर असतो, त्यामुळे सोळा-सतरा सँपल एकाच क्षणी ‘पोचतात’ आणि ग्राफवर पायऱ्या दिसतात. वेळ सँपलच्या क्रमांकावरून काढा: सुरुवातीची वेळ अधिक क्रमांक भागिले १०००. यात क्ष-अक्षाचे आकडे साठवावेच लागत नाहीत, ही वरकमाई. बोर्डाचं क्रिस्टल आणि संगणकाचं घड्याळ यांच्यात ५० पीपीएमचा (दहा लाखांत ५०) फरक असेल तर तासाला ०.१८ सेकंद घसरण होते. ग्राफवर ती दिसणार नाही, पण दिवसभराचं रेकॉर्डिंग इतर नोंदींशी जुळवायचं असेल तर अधूनमधून सुरुवातीची वेळ दुरुस्त करत राहा. बोर्डाच्या पॅकेटमध्ये अनुक्रमांक नसेल तर फर्मवेअर लिहिणाऱ्याकडून तो घालून घ्या. पॅकेट गळलं की तितक्या सँपलच्या जागी ‘नॅन’ (‘आकडा नाही’ असं सांगणारी फ्लोटची खास किंमत) भरायचा. तसं केलं नाही तर पुढचा सगळा ग्राफ गुपचूप डावीकडे सरकतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

वेळ कधीही ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये ठेवू नका. १९७० पासूनचे सेकंद आज १७० कोटींच्या पुढे आहेत, आणि तिथे फ्लोटमधल्या लगतच्या दोन किमतींत १२८ सेकंदांचं अंतर असतं. दोन मिनिटांचा डेटा एकाच उभ्या रेघेवर गोळा झालेला दिसला तर कारण हेच. ६४ बिटांच्या डबलमध्ये हेच अंतर सेकंदाच्या सुमारे ४२ लाखाव्या भागाइतकं राहतं, तेवढं पुरे. मोजलेल्या किमतींना मात्र फ्लोट चालतो; २४ बिटांच्या एडीसीचा (विद्युत सिग्नलचा आकडा बनवणाऱ्या चिपचा) पूर्णांक त्यात जसाच्या तसा मावतो.

साठवण आणि विरळ प्रती

प्रत्येक चॅनेलला एक रिंग बफर द्या, म्हणजे भरला की सर्वांत जुन्या सँपलवर नवं लिहिणारा ठरावीक आकाराचा साठा. क्षमता ४ चा घात ठेवा. ४ चा अकरावा घात म्हणजे ४१,९४,३०४ सँपल, या वेगाला जवळजवळ ७० मिनिटं. चार चॅनेलचे फ्लोट मिळून ६४ मेगाबाइट. क्रमांक ६४ बिटांचा, कधीही मागे न जाणारा ठेवा आणि बफरमधली जागा काढताना क्षमतेतून एक वजा करून बिटवाइज ‘अँड’ घ्या. क्रमांकच रिंगबरोबर शून्यावर आणला तर दर ७० मिनिटांनी एक विचित्र बग भेटीला येतो.

आता मुख्य भाग. मूळ डेटाशेजारी त्याच्या विरळ प्रती ठेवायच्या. पहिल्या प्रतीत दर ४ सँपलमागे किमान आणि कमाल, दुसरीत दर १६ मागे, तिसरीत ६४, मग २५६, १०२४, असं वर चढत जायचं. नवं सँपल आलं की ते प्रत्येक पातळीवरच्या आपल्या गटाशी ताडून पाहायचं; क्रमांकाला गटाच्या आकाराने भागून शून्य उरत असेल तर नवा गट सुरू, नाहीतर असलेल्या गटाचं किमान-कमाल सुधारायचं. दहा पातळ्या धरल्या तरी सेकंदाला ४० हजार वेळा हे घडतं, म्हणजे प्रोसेसरला काहीच नाही. मेमरी मूळ डेटाच्या दोन-तृतीयांश जास्त लागते; ६४ मेगाबाइटचे एकूण १०७ च्या आसपास होतात.

रंगवताना आधी एका पिक्सेलमागे किती सँपल येतात ते काढा, आणि त्याहून मोठा नसलेला सर्वांत मोठा गट निवडा. पिक्सेलमागे ५०० सँपल असतील तर २५६ ची पातळी. चारपेक्षा कमी असतील तर थेट मूळ डेटा. या नियमाने एका पिक्सेलमागे गट चारपेक्षा कमीच राहतात, बिंदू आठपेक्षा कमी. १२०० पिक्सेल आणि चार चॅनेलना वरची मर्यादा ३८,४०० बिंदूंची झाली. खिडकीत दहा सेकंद असोत की तास, ती ओलांडली जात नाही.

सरासरी का नाही? कारण मापनाच्या ग्राफमध्ये माणूस जे शोधत असतो, ते एखाद्या मिलिसेकंदाचं टोक, सरासरी नेमकं तेच खाऊन टाकते. ‘दर शंभरावं सँपल काढा’ हा उपाय तर त्याहून वाईट. ५० हर्ट्झची वीजवाहिनीची गुणगुण डेटात असेल, तर सेकंदाला १००० सँपलच्या वेगाला तिचं एक आवर्तन २० सँपलचं असतं. शंभरावं सँपल दर खेपेला आवर्तनाच्या त्याच जागी पडतं आणि गुणगुण पडद्यावरून पार नाहीशी होते. दिसायला सुंदर रेषा देणारी एलटीटीबी ही बिंदू विरळ करण्याची पद्धत वेब चार्टमध्ये लोकप्रिय आहे. पण ती प्रत्येक गटातून एकच बिंदू उचलते, त्यामुळे मापनाच्या उपकरणाला मी ती सुचवणार नाही.

गट सँपलच्या क्रमांकाला बांधलेले आहेत, पडद्याच्या पिक्सेलला नाहीत, हे मुद्दाम तसं आहे. पुष्कळ जण पडद्याची प्रत्येक उभी रांग घेऊन तिच्यापुरतं किमान-कमाल त्या क्षणी काढतात. स्थिर ग्राफला ते ठीक. सरकत्या ग्राफमध्ये मात्र दर फ्रेमला गटांच्या सीमा डेटावरून सरकतात, एखादं टोक आता या रांगेत तर पुढच्या फ्रेमला शेजारच्या रांगेत मोजलं जातं, आणि सगळी रेषा थरथरू लागते. डेटा बदललेला नसताना ग्राफ चुळबुळ करताना दिसला तर आधी हे तपासा.

दोन अडचणी ठाऊक असाव्यात. रिंग पूर्ण भरली की सर्वांत जुन्या गटाच्या जागी सर्वांत नवा गट लिहिला जाऊ लागतो, म्हणून डाव्या टोकाचा अर्धवट पुसलेला गट वापरू नका. तिथली सीमा निवडलेल्या पातळीच्या पुढच्या पूर्ण गटापर्यंत वर सरकवा. आणि नॅन. नॅनशी केलेली लहान-मोठेपणाची कोणतीही तुलना खोटी ठरते, त्यामुळे गटातलं पहिलंच सँपल नॅन असेल तर तो गट कायमचा नॅनच राहतो. तुलना करण्याआधी ‘सध्याचं किमान नॅन आहे का’ हे विचारा. ही विचारणा जीसीसी आणि क्लँगमध्ये ‘फास्ट-मॅथ’ पर्याय लावल्यावर कंपायलर काढून टाकू शकतो. वेगाच्या हौसेपायी तो पर्याय कुणी प्रकल्पभर लावलेला नाही ना, ते बघा.

अक्ष आणि आकडे

डेटावरून पिक्सेल काढण्याचं सूत्र सगळ्यांना येतं. क्ष: डावी कड + (वेळ − खिडकीची सुरुवात) × रुंदी ÷ खिडकीची लांबी. य मध्ये दिशा उलटते, कारण पडद्याचा य खाली वाढतो: तळ − (किंमत − किमान) × उंची ÷ (कमाल − किमान). वजाबाकी आधी डबलमध्ये करा. हे रूपांतर पेंटरच्या ट्रान्सफॉर्मवर सोपवू नका. क्यूटी ५ पासून मुळातल्या पेनची १ ही जाडीसुद्धा ट्रान्सफॉर्मबरोबर ताणली जाते, आणि क्ष व य यांची मापं वेगळी असल्याने रेघेच्या जागी पट्टे उमटतात.

सगळी किंमत सारखीच असेल, म्हणजे सेन्सर जोडलेलाच नसेल, तर कमाल वजा किमान शून्य येतं. अशा वेळी किमतीच्या ५ टक्के दोन्ही बाजूंना वाढवा. किंमतच शून्य असेल तर ±१.

टिकांसाठी, म्हणजे अक्षावरच्या आकड्यांच्या खुणांसाठी, पॉल हेकबर्ट यांनी १९९० मध्ये मांडलेली पद्धत अजूनही पुरते. अक्षाची व्याप्ती हव्या असलेल्या टिकांच्या संख्येने भागा, त्यातला १० चा घात बाजूला काढा, उरलेला आकडा १.५ च्या खाली असेल तर १, ३ च्या खाली २, ७ च्या खाली ५, नाहीतर १०. उदाहरणार्थ अक्ष २.३१ ते ४.८७, टिका सहाच्या आसपास हव्यात. २.५६ ÷ ६ = ०.४२७, घात −१, उरलं ४.२७, म्हणून ५, पायरी ०.५. आता २.३१ ला ०.५ ने भागून वर गोल केलं की ५, आणि ४.८७ ला भागून खाली गोल केलं की ९. हे ५ ते ९ पूर्णांकात मोजा आणि प्रत्येकाला ०.५ ने गुणा: २.५, ३.०, ३.५, ४.०, ४.५. सहा मागितल्या आणि पाच आल्या, त्याची खंत नको.

पायरी मिळवत मिळवत पुढे जाऊ नका. −०.३ मध्ये तीनदा ०.१ मिळवलं की डबलमध्ये शून्य येत नाही, २.७८ गुणिले १० चा −१७ वा घात येतो, आणि शून्याच्या जागी हे भलंमोठं लेबल छापलं जातं. पूर्णांकही खरोखरच पूर्णांकात ठेवा, −०.४ वर गोल केलं की डबलमध्ये ‘−०’ मिळतो आणि तो तसाच छापला जातो. दशांश स्थळं पायरीवरून ठरवा, किमतीवरून नाही, नाहीतर एकाच अक्षावर ३ आणि ३.५ असं मिश्रण दिसतं.

वेळेच्या अक्षाला १-२-५ चा नियम चालत नाही. तिथे पायऱ्यांची यादीच हवी: १, २, ५, १०, १५, ३० सेकंद, तेच मिनिटांना, मग १, २, ३, ६, १२ तास, मग दिवस. भारतात यात एक खास खोच आहे. युनिक्स वेळ (१९७० पासूनचे सेकंद) ३६०० ने भागून तासाच्या टिका काढल्या तर त्या यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, तासांवर पडतात, आणि आपली वेळ साडेपाच तास पुढे असल्याने लेबलं १०:३०, ११:३०, १२:३० अशी येतात. गोल करण्याआधी १९,८०० सेकंद मिळवा आणि नंतर वजा करा. हा आकडा कोडमध्ये कायमचा लिहू नका, क्यूटीच्या क्यूटाइमझोनकडून घ्या. तेच ॲप्लिकेशन कुणी लंडनमध्ये वापरलं की तिथे उन्हाळ्यात तासभराचा फरक पडतो.

लेबलं मराठीत द्यायची असतील तर क्यूलोकेल (क्यूटीची भाषा-प्रदेशाची मांडणी) मराठी ठेवून अंक देवनागरीत मिळतात. त्यात अडचण उंचीची येते: इंटरफेसच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर प्रणाली दुसरा फॉन्ट वापरते, तो उंच असू शकतो, आणि अक्षाच्या नावातल्या मात्रा-वेलांट्या वरून कापल्या जातात. उंची फॉन्टच्या ठरीव मापावरून न घेता त्या मजकुराच्या बाउंडिंग रेक्टवरून (मजकुराला घेरणाऱ्या चौकटीवरून) घ्या.

डाव्या समासाची रुंदी सर्वांत रुंद लेबलावरून ठरते. लाइव्ह ग्राफमध्ये कमाल ९९ वरून १०० वर गेली की लेबल रुंदावतं, ग्राफ उजवीकडे सरकतो. परत ९९ झालं की डावीकडे. बघणाऱ्याला गरगरतं. समास फक्त वाढू द्या, आपणहून कमी होऊ देऊ नका. य-अक्षाच्या ऑटोस्केललाही हेच लागू: डेटा बाहेर गेला की लगेच मोठा करा, पण लहान करताना डेटा सलग दोन-तीन सेकंद अर्ध्याहून कमी उंचीत राहिला तरच करा.

रंगवणं

टाइमरमध्ये अपडेट() बोलवा, रिपेंट() नाही. अपडेट() कितीही वेळा बोलवलं तरी मुख्य लूप मोकळा झाल्यावर एकदाच रंगवलं जातं. रिपेंट() तिथल्या तिथे रंगवायला लावतो. नवा डेटा आलाच नसेल तर अपडेट() पण नको, लॅपटॉपची बॅटरी वाचेल.

पेंटइव्हेंटमध्ये, म्हणजे विजेट रंगवायची वेळ आली की क्यूटी बोलावते त्या फंक्शनमध्ये, तीन थर वेगळे धरा. ग्रिड, अक्ष आणि लेबलं पिक्समॅपमध्ये (मेमरीतल्या तयार चित्रात) साठवून ठेवायची. आकार, अक्षाची व्याप्ती, फॉन्ट, थीम किंवा स्क्रीनचं स्केल बदललं तरच ती पुन्हा काढायची. त्यावर रेषा. सर्वांत वर माउसची क्रॉसहेअर, म्हणजे माउसच्या जागी छेदणाऱ्या आडव्या-उभ्या रेघा. रेषांचाही पिक्समॅप ठेवला तर माउस हलल्यावर फक्त दोन रेघा नव्याने काढाव्या लागतात. पिक्समॅप बनवताना आकाराला डिव्हाइस पिक्सेल रेशोने (स्क्रीनच्या स्केलच्या पटीने) गुणा आणि तो रेशो पिक्समॅपला सांगा. हे विसरलं की तुमच्या स्क्रीनवर ठीक दिसणारी अक्षरं विंडोजवर १२५ किंवा १५० टक्के स्केल लावलेल्या स्क्रीनवर धुरकट होतात. विजेट एका मॉनिटरवरून दुसऱ्यावर ओढला की रेशो चालू असताना बदलतो, तेही धरा.

पार्श्वभूमी तुम्हीच पूर्ण भरत असाल तर ‘ओपेक पेंट इव्हेंट’ हा गुणधर्म लावा, म्हणजे क्यूटी आधी आपली पुसापुशी करत नाही. पण मग एकही पिक्सेल न रंगवता सोडू नका. सोडलेल्या जागी जुनाच कचरा दिसतो.

रेघेची जाडी हा वेगाचा सर्वांत मोठा मुद्दा आहे, आणि लोक तिथे शेवटी पाहतात. क्यूटीचं रास्टर इंजिन (प्रोसेसरवर पिक्सेल रंगवणारा भाग) एक पिक्सेलची, अँटिअलायझिंग (कडा मऊ करणं) नसलेली रेघ झटपट काढतं. जाडी २ झाली की तेच इंजिन आधी रेषेभोवती बाह्यरेखा बनवतं आणि मग ती भरतं. हजारो बिंदूंची, स्वतःवरूनच पुन्हापुन्हा जाणारी पॉलीलाइन (जोडलेल्या रेघांची साखळी) असली की हे फार महाग पडतं. त्यातून २०० टक्के स्केलच्या स्क्रीनवर १ जाडीचं साधं पेन दोन पिक्सेलचं होतं, त्यामुळे कोड तोच, संगणक जास्त चांगला आणि ग्राफ मात्र मंद, असा चमत्कार दिसतो. पेनची जाडी ० दिली की रेघ कुठेही एकाच पिक्सेलची राहते. ती बारीक वाटत असेल आणि जाड रेघ हवीच असेल, तर पॉलीलाइनचे छोटे तुकडे करून काढा. क्यूडब्ल्यूटीमध्ये पॉलीलाइन स्प्लिटिंगची सोय आहे ती याचसाठी. अँटिअलायझिंग मी विरळ प्रती वापरताना बंद ठेवतो, कारण भरगच्च पट्ट्यात ते दिसतच नाही, आणि मूळ सँपल दिसण्याइतकं झूम झालं की चालू करतो. पेनला माइटर जोड (रेघांच्या कडा वाढवून टोकदार केलेला सांधा) देऊ नका. टोकदार सिग्नलमध्ये जोडाचा सुळका खऱ्या किमतीच्या वर जातो आणि नसलेलं टोक दाखवतो.

ग्रिडच्या रेघा अँटिअलायझिंग बंद करून पूर्णांक जागेवर काढा. चालू असेल तर पूर्णांकावरची रेघ दोन पिक्सेलमध्ये अर्धी-अर्धी पसरते आणि राखाडी दिसते, मग ०.५ मिळवावं लागतं.

खिडकीबाहेरच्या बिंदूंबद्दल. क्षच्या बाजूने खिडकीच्या अलीकडचा एक आणि पलीकडचा एक बिंदू घ्या, नाहीतर खोल झूममध्ये रेषा कडेला पोचण्याआधीच तुटते. यच्या बाजूने फार झूम केलं की बाहेरच्या बिंदूचा पिक्सेल कोट्यवधींत जातो आणि रास्टर इंजिन रेघ भलतीकडे काढतं किंवा काढतच नाही. अशा वेळी बिंदूची किंमत नुसती कापून कडेला आणू नका, त्याने तिरक्या रेघेचा उतार बदलतो. रेघ खिडकीच्या कडेशी छेदून नवा बिंदू काढा, त्यासाठी लियांग-बार्स्की पद्धत सोपी आहे. विरळ पातळीवरच्या रेघा जवळजवळ उभ्याच असतात, तिथे नुसतं कापलं तरी चालतं.

सरकत्या ग्राफचा एक पर्यायही विचारात घ्या. आयसीयूतल्या मॉनिटरवर रेषा सरकत नाही. ती जागेवर राहते आणि एक रिकामी पट्टी डावीकडून उजवीकडे जुनं पुसत, नवं लिहीत जाते. यात दर फ्रेमला काही पिक्सेल रुंदीचा पट्टाच अपडेट(रेक्ट) करायचा असतो आणि अक्ष हलत नाही. जुन्या संगणकावर किंवा रिमोट डेस्कटॉपवर चालणाऱ्या ॲप्लिकेशनला हा प्रकार फार मानवतो. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना रेघेच्या जाडीइतकी जागा जास्त घ्या, नाहीतर सांध्यावर ठिपके उरतात.

झूम, पॅन आणि माउस

चाकाने झूम करताना माउसखालची वेळ जागची हलू नये. माउसखालची वेळ म, खिडकी अ ते ब, गुणक ग असेल तर नवं अ = म − (म − अ) × ग, आणि नवं ब = म + (ब − म) × ग. चाकाचा एक खटका १२० एककांचा असतो, पण ट्रॅकपॅड लहान-लहान आकडे पाठवतो; म्हणून ‘इव्हेंट आला की १५ टक्के’ असं न करता ग = ०.८५ चा (एकक ÷ १२०) वा घात असं करा. नाहीतर लॅपटॉपवर दोन बोटं फिरवली की खिडकी तासावरून मिलिसेकंदावर उडी मारते. सर्वांत लहान खिडकी दहा-वीस सँपलची ठेवा.

वापरणाऱ्याने मागे पॅन केलं की लाइव्ह सरकणं आपोआप थांबलं पाहिजे, आणि परत येण्यासाठी ठळक बटण हवं. हे नसलं की माणूस टोक बघायला मागे जातो आणि ३३ मिलिसेकंदांनी ग्राफ त्याला परत ओढून आणतो.

क्रॉसहेअरसाठी माउस ट्रॅकिंग चालू करावं लागतं, एरवी बटण दाबल्याशिवाय हालचालीचे इव्हेंट येत नाहीत. किंमत दाखवताना ती विरळ प्रतीतून नव्हे, मूळ सँपलमधून द्या. पिक्सेलमागे अनेक सँपल असतील तर एक किंमत दाखवणं दिशाभूल करणारं आहे. तिथे किमान आणि कमाल दोन्ही लिहा.

रंगवण्याचं फंक्शन पहिल्यापासून पेंटर आणि चौकट हे दोन इनपुट घेणारं लिहा, विजेटशी बांधलेलं नको. मग तेच पीडीएफसाठी वापरता येतं. ३०० डीपीआयला ए४ पान आडवं नसताना २४८० पिक्सेल रुंद होतं, म्हणून विरळ पातळी पुन्हा निवडावी लागते. पडद्याची पातळी छापली तर कागदावर रेषा खडबडीत दिसते.

वेळ मोजायला पेंटइव्हेंटमध्ये क्यूइलॅप्स्डटाइमर लावा, आणि डीबग नव्हे तर रिलीज बिल्डमध्ये बघा. ३३ मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये रंगवणं ८ च्या आत बसलं तर बाकीच्या ॲप्लिकेशनला श्वास घ्यायला जागा राहते. तासाभराच्या खोट्या डेटावर हा आकडा पहिल्या मिनिटाइतकाच येतो का, ते पाहा. वाढत असेल तर कुठेतरी मूळ डेटावर लूप फिरतो आहे, बहुतेक वेळा ऑटोस्केलमध्ये. यचं किमान-कमालही विरळ प्रतींमधूनच काढायचं असतं. मग हे घालून बघा: शून्य सँपल, एकच सँपल, सगळी नॅन, सगळी सारखी, एक अब्जावर एक एककाचा चढउतार, एक पिक्सेल रुंदीचा विजेट, आणि रिंग दोनदा भरून वाहीपर्यंत चालवलेला डेटा. यातलं ‘एक अब्ज’ फ्लोटमध्ये नापास होईल, कारण तिथे लगतच्या दोन किमतींत ६४ चं अंतर आहे. असा सेन्सर खरंच असेल तर पहिली किंमत बाजूला वजा करून ठेवा आणि फरकच साठवा; लेबल छापताना ती परत मिळवायची.